चोवीस चौकटींचा काठ

मी एक जुना संगणक बोलतोय. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात, सुताचे कोन ठेवायच्या खोलीत, तीन पायांच्या स्टुलावर मला बसवलंय. चौथ्या पायाच्या जागी विटा आहेत. भिंतीपलीकडे माग दिवसभर खडखडतात, माणसं हसतात, भांडतात. माझ्याकडे मात्र गेल्या गुरुवारपर्यंत आठ वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. फार एकटं वाटतं हो, उगाच लपवू कशाला?

मी आलो तेव्हा थाट वेगळा होता. मालक आप्पांनी माझ्यासाठी काचेची केबिन केली होती. चपला बाहेर काढून माणसं मला बघायला यायची. खंडेनवमीला मागांच्या आधी मला हळदकुंकू. ते कुंकू कळफलकात शिरायचं, आणि मग डिझायनर इसूफभाई दाढीच्या ब्रशने एकेक कळ झाडत बसायचे. "पूजा करा की, पण लांबून करा," असं दरवर्षी सांगायचे. दरवर्षी कुणी ऐकायचं नाही.

इसूफभाई चादरीची नक्षी माझ्यावर काढत. त्यांच्या नक्षीप्रमाणे एक यंत्र पुठ्ठ्यांना भोकं पाडी आणि ते पुठ्ठे मागावर चढत. त्या यंत्रासाठी माझ्या पोटात एक कार्ड खोचलेलं होतं. इथेच माझं दुखणं सुरू होतं. माझी स्मरणशक्ती आधीच चिमूटभर, त्यात कार्डांसाठी राखलेले खण अवघे चोवीस. पडद्याच्या, डिस्कच्या आणि भोकाच्या अशा तिन्ही कार्डांना त्यांतच जागा हवी, शिवाय काही खण जागं होण्यासाठी माझे मलाच लागतात. कुठलं कार्ड कुठल्या खणात बसेल, हे कार्डावरच्या टाचण्यांवर इवली टोपी सरकवून ठरवायचं. दोघांनी एकाच खणावर हक्क सांगितला की मी ठार मुका. माझा स्वभावच तसा, वाटून खाणं मला जमत नाही.

शेवटी वैतागून इसूफभाईंनी नक्षीसाठीच्या चौकटींच्या कागदावर चोवीस घरं आखली. ज्याचा जो खण, त्यात त्याचा रंग भरला. कागद टेबलावर ठेवून ते नमाजाला गेले. पुठ्ठे कापणाऱ्या धोंडीरामला वाटलं, नव्या चादरीचा काठ तयार झाला! मी मुका पडलेला, म्हणून त्याने जुन्या रीतीने हातानेच मन लावून पुठ्ठे कापले, मागावर चढवले. चूक ध्यानात येईपर्यंत तीस चादरी विणून झाल्या होत्या.

"इसूफ, ह्यो काठ हाय का सारीपाट?" आप्पा ओरडले.

"मालक, ते त्याच्या डोक्यातली जागा हाय," इसूफभाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, आणि दोघंही हसत सुटले. त्या चादरी दसऱ्याला कामगारांना वाटल्या. तेवढं मोकळं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढे नवे माग आले, नवे संगणक आले. इसूफभाईंची नजर अधू झाली, ते घरी बसले. मला उचलून इथे आणलं. येताना कार्डं उपसली गेली, टोप्या गळाल्या. कुणीतरी सगळं एका पिशवीत भरून माझ्याच डोक्यावर ठेवलं.

मागच्या गुरुवारी दार उघडलं. आत आली माजिदा, इसूफभाईंची मुलगी. ती एका शाळेत संगणक शिकवते. तिचा हात धरून इसूफभाई होते. मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी मला नाही.

"ये कायकी मशीन है?" त्यांनी विचारलं.

माजिदाचा चेहरा पडला. कारखान्यातली जुनी कामगार फुलाबाई खोली झाडायला आली होती, तिला माजिदा हळूच म्हणाली, "अब्बांना काल माझं नाव आठवलं नाही. त्यांनी काढलेली सगळी डिझाइनं ह्यातच आहेत, दुसरीकडे कुठंच नाहीत. ती दाखवली तर काही आठवेल. सोमवारी ही खोली रिकामी करणार म्हणतात."

तिने तिन्ही जुनी कार्डं खोचली. भोकाचं कार्ड नसेल तर नक्षीचा प्रोग्राम उघडतच नाही, विकणाऱ्याने चोरीच्या भीतीने तशी सोय केली होती. शिवाय नक्षी लॅपटॉपवर न्यायला चौथं कार्ड हवं होतं, ते ती बरोबर घेऊन आली होती. दोन दिवस ती टोप्या सरकवत राहिली. मी प्रत्येक वेळी मुका. मला बोलायचं नव्हतं असं नाही.

"अब्बा सांगायचे, एक कागद होता, चोवीस घरांचा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"कागद कुटला आता? त्याची तर चादर झाली की!" फुलाबाई म्हणाली. "हाय माझ्याकडं. नातवाच्या पाळण्यात हातरलीया."

शनिवारी फुलाबाईने ती चादर आणली. धुऊन धुऊन रंग विटलेले, निळा की हिरवा ते माजिदाला कळेना. तिने चादर अब्बांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती न सांगता उलटी केली. कारागीर कापड पाठीकडून वाचतो, तिथे रंग कमी झिजतो. काठ डोळ्यांशी नेऊन, नख एकेका घरावर टेकवत ते सावकाश म्हणाले, "लाल दस. नीला एक. सादा एक. हरे चार. काले आठ."

सादा म्हणजे मोकळा. चोवीसांत एकच मोकळा खण, बारावा. माजिदाने चौथं कार्ड तिथे बसवलं, आणि कुठल्या कार्डाला किती घरं लागतात ते तिला ठाऊक होतं, त्यावरून बाकीच्यांना आपापल्या घरी धाडलं. मी जागा झालो.

पडद्यावर पहिली आली डाळिंबांची जाळी. मग एकामागून एक, दोनशे अकरा नक्ष्या माझ्यातून तिच्या लॅपटॉपवर उतरल्या. इसूफभाई वाकून बघत होते.

"किसका काम है ये? भोत सफाई का हात है."

"तुमारा है, अब्बा."

"नै गे," ते संकोचून हसले. "मेरेकू कां आता इतना."

माजिदाने पुढची नक्षी दाखवली. "ये बी तुमाराच." त्यांनी पुन्हा मान हलवली. एवढी वर्षं मी त्यांचा हात ओळखत होतो, आणि त्या खोलीत मला एक शब्द बोलता आला नाही.

आज रविवार. माझ्याकडे ठेवायला आता काही उरलेलं नाही. उद्या मला न्याल तिकडे न्या, तक्रार नाही. माजिदा, एवढंच मागणं आहे. ते उद्या पुन्हा विचारतील, हे काम कुणाचं म्हणून. परवाही विचारतील. कंटाळू नकोस पोरी, दर वेळी सांग.