सासूबाईंचा तीन वॅटचा रेडिओ

मी सासूबाईंचा रेडिओ बोलतोय. सासूबाई खरं तर जावईबापूंच्या. पण ज्यांनी मला जोडलं त्यांच्या सासूबाई त्या माझ्याही सासूबाई, असं मी धरून चालतो. आणि बोलतोय म्हणजे तरी काय, टकटकतोय. माणसाचा आवाज माझ्यातून जात नाही. मोर्सचे लांब-आखूड ठोके जातात, तेही अवघ्या तीन वॅटच्या बळावर. तुमच्या जिन्यातला दिवासुद्धा माझ्यापेक्षा जास्त वीज खातो. तरी हवा साथीला असली तर मी डोंगर ओलांडून चारशे किलोमीटर जातो. ही बढाई नाही, गेलोय म्हणून सांगतो.

मी या घरात आलो तो सुट्ट्या तुकड्यांत. एक हिरवा बोर्ड, सात पुड्या, तांब्याच्या तारेचं रीळ आणि एक माहितीपुस्तिका. जावईबापू दातांच्या कवळ्या बनवतात. त्यामुळे चिमटा, भिंग आणि धीर या तीन गोष्टी त्यांच्याकडे आधीपासूनच होत्या. रोज संध्याकाळी काम आटोपलं की ते मला घेऊन बसायचे. एकेक सांधा सोल्डर केला की भिंगातून बघत पुटपुटायचे, "दुखतंय का?" मला दुखायचं नाही, पण कोणी विचारपूस केली की बरं वाटतंच.

सगळ्यात कटकटीचं काम गुंडाळ्यांचं. बटणाएवढ्या कड्यावर तारेचे एकवीस वेढे द्यायचे, ना एक कमी ना एक जास्त. सोळाव्या वेढ्याला बायकोने हटकून काहीतरी विचारायचं आणि यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारावर कागद चिकटवला, 'मोजणी चालू आहे'. बायकोने त्याखाली लिहिलं, 'जेवण बंद आहे'.

एवढी खटपट कशासाठी, तेही सांगतो. सासूबाईंची सगळी नोकरी तार ऑफिसात झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि घरून रेडिओवर बोलायला लागल्या. लेकीकडे राहायला आल्या तेव्हा कपाटाएवढा जुना संच देऊन टाकला, पण ठोके द्यायचा पितळी खटका रुमालात गुंडाळून आणला. गेल्या थंडीपासून त्यांचा उजवा हात कापायला लागला. मोर्समध्ये हातच बोलतो. हात चळला की एक अक्षर दुसरंच होऊन बसतं. माझं पाठवलेलं आता कोणाला वाचता येणार, असं म्हणून त्यांनी खटक्याचं नावच टाकलं. जावईबापूंना ते बघवेना. सासूबाईंनी एकदा तरी पुन्हा बोलावं, एवढ्यासाठी त्यांनी मला मागवलं.

शनिवारी दुपारी माझी चाचणी झाली. नव्या रेडिओला एकदम एरियल जोडत नाहीत. आधी एक छोटी डबी जोडतात. रेडिओ जे पाठवील ते सगळं ही डबी गिळते, जरा गरम होते आणि चकार शब्द बाहेर जाऊ देत नाही. तिला खोटी एरियल म्हणा. मीटरचा काटा बरोबर तीनवर जाऊन थांबला. जावईबापूंनी बायकोला हाक मारून तो दाखवला, मग सासूबाईंना दाखवला, मग पुन्हा बायकोला दाखवला. मीही त्या दिवशी हवेत होतो.

रविवारी सकाळी नऊची वेळ ठरली होती. डोंगरापलीकडे सासूबाईंची जुनी मैत्रीण राहते, तिच्याकडेही रेडिओ आहे. दोघींनी बावीस वर्षं एकाच तारेच्या दोन टोकांना बसून काढली होती. सासूबाई आढेवेढे घेत का होईना, पण ठेवणीतला स्वेटर घालून बसल्या. हेडफोन कानाला लावून म्हणाल्या, फारच शांत वाटतंय. जावईबापूंनी जाणकाराच्या थाटात सांगितलं की लहान संच आहे, एवढंच ऐकू यायचं. सासूबाईंनी मान डोलावली. आपले कानही गेले, असं त्यांच्या मनात आलं असावं.

पाऊण तास त्या मैत्रिणीला बोलावत राहिल्या. उत्तर आलं नाही.

मला मात्र सगळं कळत होतं. एरियलची तार खिडकीपाशी कपड्यांच्या चिमट्याला लटकत होती आणि मी अजून डबीलाच जोडलेला होतो. सासूबाईंचा एकेक ठोका त्या डबीच्या पोटात जात होता. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी ओरडलो असतो तरी ते डबीतच गेलं असतं.

दहा वाजता मैत्रिणीचा फोन आला. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. सासूबाईंनी फोन ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, "ऐकू आलं असणार गं. वाचता आलं नसेल. माझं मन राखायला तसं म्हणाली." खटका रुमालात गेला आणि रुमाल खणात. कोणी शिकणारं भेटलं तर त्याला देऊन टाक, असंही त्यांनी सांगून ठेवलं.

पुढचे तीन दिवस मी इस्त्रीच्या कपड्यांखाली काढले. वाईट स्वतःचं वाटत नव्हतं. एका जाणत्या माणसाने आपला हात संपला असं समजून बसावं, तेही एका डबीपायी, याचं वाटत होतं.

बुधवारी जावईबापू मला खोक्यात भरायला आले. कपडे बाजूला केले, डबी हातात घेतली, खिडकीकडे बघितलं आणि स्टुलावर मटकन बसले. त्यांची बायको दारात उभी होती. तिने काय झालं ते विचारलं आणि यांनी सांगितलं.

"वाऱ्याने निसटली असं सांगू का?" ते म्हणाले.

"वाऱ्याने डबीही जोडली म्हणावं."

सासूसमोर जावयाने चूक कबूल करणं किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं. पण खरं सांगितल्याशिवाय सासूबाई खटक्याला हात लावणार नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. ते डबी घेऊन शेजारच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, म्हणून मला दिसलं आणि ऐकूही आलं.

"आई, चूक माझी आहे. तुमचं एक अक्षरही बाहेर गेलं नाही. सगळं या डबीत गेलं."

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे तिने वाचलंच नाही?"

"नाही."

"आणि ते शांत वाटत होतं ते?"

"तेही माझ्यामुळेच."

त्या हसायला लागल्या, इतक्या की जावईबापूंच्याच हातची कवळी पुरती दिसली. तार ऑफिसात असता तर तुमची बदलीच केली असती, म्हणाल्या. मग लेकीला खण उघडायला सांगितलं.

पुढच्या रविवारी एरियल जोडली आणि भर बाजारात शिरावं तसा गलका ऐकू आला. सासूबाई बसल्या. त्यांचा हात कापत होता. खटक्यावरची प्रत्येक थरथर माझ्यातून जाते, म्हणून मला ती नेमकी माहीत आहे. एका ठोक्याचे दोन झाले, त्या थांबल्या, ते अक्षर पुन्हा दिलं. मग वाट बघत राहिल्या. जावईबापूंनी एरियलचा सांधा तिसऱ्यांदा चाचपून पाहिला.

उत्तर आलं. बारीक, अडखळत, पण मैत्रिणीचंच. सासूबाई एकेक अक्षर कागदावर उतरवत गेल्या आणि मधेच त्यांची पेन्सिल थांबली. जावईबापूंनी वाकून वाचलं. लिहिलं होतं, 'सगळं वाचलं. तुझा हात कापतो. माझाही कापतो. तुला कळेल म्हणून वर्षभर टाळत होते. आता सावकाश बोलू.'

सासूबाईंनी डोळे पुसले आणि 'हो' पाठवलं. ते तिसऱ्या खेपेला नीट गेलं.

आता मी त्यांच्या टेबलावर असतो आणि मजेत असतो. पूर्वी दहा मिनिटांत व्हायच्या त्या गप्पांना दोघींना तासभर लागतो. मला घाई नाही. तुम्हाला एकच विनंती, रविवारी नऊनंतर त्या खोलीत डोकावून 'अजून झालं नाही का?' असं विचारू नका. दोघी एकमेकींची अक्षरं पुरी होऊ देतायत.