महाराजांनी पेटवलेलं हृदय

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरून महाराजांनी दोन चित्रं उंचावली आणि गरजले, "हे माझ्या स्पर्शाआधीचं हृदय. नुसता काळोख! आणि हे नंतरचं. पेटलं की नाही?"

टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. चित्रं खरी होती, हीच श्रोत्यांत बसलेल्या डॉक्टरीणबाईंची पंचाईत. महाराजांच्या सांगण्यावरून बाईंच्या काकांनी हट्टानं आपल्या हृदयाची दोनदा, स्पर्शाआधी आणि नंतर, तपासणी करवून घेतली होती आणि दोन्ही वेळा ती रुग्णालयात बाईंच्याच विभागात झाली होती. काका शिंपी. हृदय कित्येक वर्षं थकलेलं, पाय सुजलेले, आणि आता या उजेडाच्या भरवशावर गोळ्या बंद!

"काका, गोळ्या सुरू करा," घरी येताच बाई म्हणाल्या.

"अगं, पेटलेल्या दिव्यात तेल कशाला ओतायचं?" काका धापा टाकत म्हणाले.

"पेटलेल्याच दिव्यात ओततात, काका!"

तपासणी साधी असते. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, हृदयाचे मज्जातंतू ते शोषतात आणि कॅमेऱ्यात हृदय उजळतं. थकलेलं हृदय मिणमिणतं दिसतं. पहिल्या चित्रात मात्र तेवढंही नव्हतं, हे बाईंना खटकत होतं.

"तपासणीआधी नेहमीचीच औषधं घेतली म्हणालात. महाराजांनी काही दिलं होतं?"

"ती पुडी? ते काय औषध आहे? दुसऱ्या खेपेला तर म्हणाले, आता गरजच नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. उरलेली पुडी प्रयोगशाळेत गेली. निघालं काय, तर राखेत मिसळलेलं, चोंदलेलं नाक मोकळं करायचं सर्दीचं औषध! ते पोटात असलं की मज्जातंतू तपासणीचं औषध धड शोषतच नाहीत, हृदय चित्रातून पसार. पुडी थांबली की परत हजर. अशा रुग्णाला ते औषध घातक असतं, एवढंच महाराजांच्या दिव्यदृष्टीला दिसलं नाही.

पुढच्या सभेत काकांना घेऊन बाई थेट व्यासपीठावर चढल्या. सगळा प्रकार सांगून त्यांनी पुडी पुढे केली. "महाराज, ही घ्या आणि माझ्या कॅमेऱ्याखाली झोपा. तुमचं हृदय गायब झालं नाही, तर मी तुमची शिष्या."

"घ्या की महाराज!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. महाराज पुडीपासून दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे माझं हृदय सुधारलंच नाही?" काकांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढली. "होतं तसंच आहे, काका. पण आहे. गोळ्यांनी सांभाळलंय त्याला."

काकांनी गोळीसाठी हात पुढे केला. बाई गर्दीकडे वळल्या. "पोटात जे जे जातं, ते डॉक्टरांना सांगा. आणि कुणी बरं करून दाखवलं, तर एकच विचारा: बुवा, आधी काय खाऊ घातलं होतंत?"