शूबाचा वाडगा

मी एक जुना काचेचा वाडगा आहे. जाड, खोल आणि चांगला जड. माझा जन्म रशियातल्या एका काचकारखान्यात झाला. मित्रांनो, भट्टीतला तांबडालाल रस साच्यात पडला तेव्हा मला फार भाजलं असेल. पण ते आता आठवत नाही.

एका बाईने मला लोकरीच्या शालीत गुंडाळून कॅनडात, हॅमिल्टनला आणलं. तिची मुलगी वेरा इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. तिने लग्न केलं ते नागपूरच्या सुधाकररावांशी. ते इथे पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर होते.

दर एकतीस डिसेंबरला वेरा माझ्यात शूबा करायची. शूबा म्हणजे केसाळ उबदार कोट. खारवलेल्या हेरिंग माशाला भाज्यांचा कोट घालायचा, म्हणून हे नाव. तळाशी मासा, त्यावर बारीक कांदा, मग उकडून किसलेला बटाटा, मग गाजर, आणि सगळ्यांत वर बीट. थराथरावर मेयोनेजचा हात. शेवटी किसलेलं अंडं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुधाकरराव माझ्यात डोकावून मराठीत पुटपुटले, "मासा आणि बीट? हे काय कालवून ठेवलंय?"

वेराने अर्थ विचारला. ते म्हणाले, "छान दिसतंय, असं म्हणालो."

पुढे वेरा मराठी शिकली. तेव्हा तिला ते वाक्य नेमकं आठवलं, आणि तिने दोन दिवस अबोला धरला. तोवर सुधाकरराव मात्र शूबा दोनदा वाढून घेऊ लागले होते. महाराष्ट्र मंडळातल्या बायकाही माझ्याभोवती जमून म्हणायच्या, "काय सुंदर रंग आहे हो!" ते माझ्या कौतुकाचे दिवस होते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये वेरा वारली.

सुधाकरराव रडले नाहीत. लोक भेटायला आले, त्यांना त्यांनी चहा दिला. बर्फ पडला तेव्हा ड्राइव्हवे फावड्याने साफ केला. फोन आला की म्हणायचे, "बरं आहे." दुपारी टोस्ट खायचे आणि बशी विसळून ठेवायचे. माझं कपाट कुणी उघडलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी त्यांची मुलगी जाई टोरोंटोहून आली. घर विकून बाबांना आपल्या कॉन्डोत न्यायचं, असं ठरलं होतं. तिने बेसमेंट आवरलं, मग स्वयंपाकघर. मला तिने वर्तमानपत्रात गुंडाळून डोनेशनच्या खोक्यात ठेवलं. तिचा राग मला आला नाही. तिला तरी कुठे काय ठेवावं ते सुचत होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकररावांनी खोक्यातून मला काढलं.

"बाबा, काय करताय?"

"आज एकतीस तारीख आहे."

"इट्स ओके, बाबा. आपण काहीतरी ऑर्डर करू."

"नको," ते म्हणाले, आणि कोट चढवून ग्रोसरीला गेले.

परत आल्यावर त्यांनी भाज्या उकडल्या. माशाचे काटे काढले. हात स्थिर होते, चेहराही. मग ते माझ्यासमोर थांबले.

"जाई, आधी काय घालायचं?"

"मला बीट आठवतं. खालचं नाही आठवत. मी यायचे तेव्हा सगळं तयार असायचं."

मित्रांनो, मला तो क्रम पाठ होता. पन्नास वर्षं तो माझ्या पोटात रचला गेला होता. पण मला बोलता येत नाही. सुधाकररावांनी तळाशी बीट घातलं. त्याच्यावर मासा, मग उरलेलं सगळं हाताला लागेल तसं.

"बाबा, उलटं झालं. बीट वर असायचं."

"असू दे."

संध्याकाळी सहाला दोघं जेवायला बसली. जाई बशीतलं नुसतं चिवडत होती. तिचे डोळे सारखे भरत होते. सुधाकरराव एकसारखं खात होते. मध्येच ते थांबले. त्यांनी तोंडात बोट घातलं, बारीकसा काटा काढला आणि बशीच्या कडेला ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"तिने मला एकदाही काटा लागू दिला नाही," ते म्हणाले.

वेरा गेल्यापासून ते तिच्याविषयी पहिल्यांदा बोलले होते. जाईने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

फेब्रुवारीत ते टोरोंटोला आले. गाडीत मी त्यांच्या मांडीवर होतो. अजूनही ते रडलेले नाहीत. "कसं वाटतंय, बाबा?" असं जाईने विचारलं, तर म्हणतात, "काहीच वाटत नाही गं." आणि ते खरंच असतं.

मित्रांनो, मी काचेचा आहे. मला जपून धुवा, ओल्या हाताने उचलू नका, एवढं तर मी मागेनच. पण मी फुटलो तर दुकानात दुसरा वाडगा मिळेल. तुमच्या घरात जे कुणी रांधतं, त्यांच्याजवळ ओट्यापाशी एखादा दिवस उभे राहा. आधी काय घालता, मग काय, ते विचारा. तयार झाल्यावर नाही. ते करत असताना विचारा.