मुद्देमाल: उशी, एक

आत्याला झोप लागली.

दफ्तरखान्याच्या वाचनखोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, भर दुपारी, चष्मा न काढता. तोंड किंचित उघडं होतं आणि एक चप्पल पायातून निसटून टेबलाखाली एकटीच पडली होती. एवढं आधीच सांगून टाकलं म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. पण अधिकृतरीत्या यातलं काही घडलेलं नाही. वाचनखोलीत झोपायला मनाई आहे, आणि ज्याला मनाई आहे ते तिथे घडत नाही, असं तिथल्या अभिलेखपालांनी मला शांतपणे समजावून सांगितलं आहे. तेव्हा आपण असं धरून चालू की आत्या अजून जागीच आहे.

जागी म्हणजे टक्क जागी. माझी आत्या कपडे आल्टर करते. रस्त्याकडच्या खोलीत मशीन, भिंतीवर टेप, खडूच्या चपट्या वड्या आणि तोंडात टाचण्या. झोप उडाली तशी तिची कात्री मोकाट सुटली. हात रिकामा राहिलेला तिला चालत नाही, म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे संपले की ती घरच्यांचे घ्यायची. माझ्या सगळ्या पँटी घोट्याच्या वर आल्या. बाबांच्या बाह्या कोपराकडे सरकू लागल्या. एका बँक मॅनेजरच्या कोटाचा खिसा तिने इतक्या सुबकपणे शिवून बंद केला की त्याच्या घराची किल्ली आतच राहिली आणि तो दोन दिवस मेहुण्याकडे राहायला गेला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की आत्याच्या डाव्या हाताला झोप लागायची, बाकीची आत्या जागीच. मग डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कोणाला होतं का असं. डॉक्टर हे सगळ्यांनाच विचारतात, दुकानदार पिशवी हवी का विचारतो तसं. पण आत्या कोणाचा प्रश्न अंगावर ठेवत नाही. तिने मला बोलावून घेतलं. मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणजे मोकळा होतो.

"तुझ्या बापाकडून काही कळायचं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. बाबा वाक्याच्या मध्यावर झोपतात आणि उठल्यावर क्रियापद लावतात. "झोपेची वाटणी झाली तेव्हा मला कोणी बोलावलंच नाही. सगळी त्याने घेतली."

मी म्हटलं, शोधून काय करणार, शिव्या घालणार का. तिने हातातल्या कापडाची घडी घातली. मग टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, "सगळी गल्ली निजते ना लुकड्या, तेव्हा वाटतं सगळे मिळून कुठेतरी गेलेत आणि मला सांगितलंच नाही. घरातलं कोणी जागं राहिलेलं सापडलं तर बघ. सोबत होईल."

दफ्तरखाना म्हणजे एक लांबलचक खोली, जिच्यात उजेडसुद्धा आत येण्यापूर्वी परवानगी घेत असावा. पंखा इतका हळू फिरायचा की पाती मोजता यायची. भिंतीवर नियम होते: शाई आणू नये, पाणी आणू नये, झोपू नये, कागदांवर कोपर टेकू नये, मोठ्याने वाचू नये. टेबलाटेबलावर माणसं आपापले मेलेले शोधत बसलेली. माझ्यासमोर एक बाई आजीला शोधत होती आणि मधूनच पानात तोंड घालून तिला हळूच हाक मारत होती. अभिलेखपाल कापडी सपाता घालून हिंडायचे. ते आले की पावलं वाजायची नाहीत, फक्त जवळपासचं एखादं पान आपोआप उलटायचं.

आजोबांच्या जन्मनोंदीत पणजोबा सापडले. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात खापरपणजोबा. मधे एक चूक झाली आणि आठवडाभर मी भलत्याच माणसाचा खापरपणतू होतो. तो बेकरीवाला होता, आठ मुलांचा बाप, आणि आमचं चांगलं जमलं होतं. चूक कळल्यावर त्याची फाईल परत करताना मला भरून आलं. अभिलेखपाल म्हणाले, होतं असं, एक गृहस्थ तर परत द्यायलाच तयार नव्हते.

खरे खापरपणजोबा दाखल्यावर एका शब्दात बसले होते: बुरूजवाला. अभिलेखपालांनी उलगडून सांगितलं. पूर्वी शहराच्या मधोमध एक बुरूज होता. त्यावर एक माणूस रात्रभर बसायचा. कुठे धूर दिसला की घंटा वाजवायची, एवढंच काम. अख्खं शहर झोपायचं ते त्याच्या भरवशावर.

मी पळत आत्याकडे गेलो. ती ऐकत राहिली आणि तिच्या हातातली कात्री पहिल्यांदाच आपणहून खाली ठेवली गेली. त्या दिवसापासून तिने खिडकीशी दुसरी खुर्ची मांडली. बुरुजावर वारं असणार म्हणून खुर्चीवर एक शाल ठेवली. शेजारणीला सांगितलं, आमच्याकडे हे पिढीजात आहे, नोकरीच तशी होती. पँटी आखूड व्हायच्या थांबल्या. झोप काही आली नाही, पण आता तिला ती यायलाच नको होती. मला तिने पुन्हा पिटाळलं. इतका वेळ जागून खापरपणजोबा विचार कसला करायचे, ते बघून ये म्हणाली.

तेव्हा मी सेवेची फाईल मागवली. तिथे घात झाला.

पहिला अहवाल मुकादमाचा होता. सदर इसम कर्तव्यावर असताना निद्रिस्त आढळला. दुसऱ्यात तो उभ्याने निद्रिस्त आढळला. तिसऱ्यात त्याने झोपेतच घंटा वाजवली आणि नेमकी त्याच वेळी लाकडाच्या वखारीला आग लागलेली होती, म्हणून एकाच आदेशात त्याला शाबासकी आणि दंड दोन्ही दिले होते. चौथ्या अहवालात मुकादमाची भाषाच बदलली. 'सदर इसमाची झोप असाधारण आहे. श्वास सावकाश, भरतीच्या पाण्यासारखा. पाहणाऱ्याच्या मनातल्या काळज्या एकेक करून उठून निघून जातात. निम्नस्वाक्षरीकार तपासणीसाठी शेजारी बसला असता.' अहवाल इथे संपतो. पुढचा अहवाल मुकादमाच्या साहेबांचा आहे. त्यांना दोघेही निद्रिस्त आढळले. त्याच्या पुढचा साहेबांच्या साहेबांचा. त्यांनी तिघांची नोंद केली असून सहीची रेघ घसरत कागदाच्या खाली गेली आहे. शेवटी एका अधिकाऱ्याने बुरुजावर न चढता, खालूनच, खापरपणजोबांना बडतर्फ केलं. झोपेचं साधन जप्त. मुद्देमाल: उशी, एक.

मी फाईल बंद केली. आत्याला काय सांगायचं? खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे तिला मी रांगत होतो तेव्हापासून माहीत आहे. मी घरी गेलो आणि म्हटलं, अजून काही मिळालं नाही. तिने माझ्या कानांकडे बघितलं आणि चपला घातल्या.

वाचनखोलीत ती फाईल तिने ओळीवर बोट ठेवून वाचली. समोरच्या टेबलावरची बाई आजीला हाका मारायची थांबली होती. पान संपलं तसं आत्याने चष्मा सारखा केला.

"म्हणजे हेपण झोपलेच," ती म्हणाली.

दुसरी खुर्ची, शाल, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. नुसतं काहीतरी करायचं म्हणून मी अभिलेखपालांना विचारलं, ती उशी पुढे कुठे गेली. त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. कुठे जाणार, ते म्हणाले, जमा आहे. आणि आत जाऊन एक लाखेचं सील लावलेलं गाठोडं घेऊन आले. आमच्यासमोर सील मोडलं, तसा कागद केला, आत्याची सही घेतली आणि उशी टेबलावर ठेवली.

चपटी, पिवळट, कडेने थोडी उसवलेली उशी होती. इतकी वर्षं कपाटात राहून ती शिष्ट दिसायला लागली होती. आत्याने आधी तिच्याकडे रागाने पाहिलं, सवतीकडे पाहावं तसं. मग सवयीने तिचं बोट शिवणीवरून फिरलं, आणि थांबलं. तिने उशी उजेडाकडे केली. कड उलटी करून पाहिली.

"हाताने शिवलीय," ती हळूच म्हणाली. "गाठ नाही मारलेली. दोरा आत वळवून लपवलाय. आई असंच करायची. मी असंच करते."

मी म्हटलं, सगळेच करत असतील. कोणी करत नाही, ती म्हणाली, गाठ मारली की काम लवकर संपतं. मग तिने उशी फिरवून चौथी बाजू मला दाखवली. तीन बाजूंचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ होते. चौथ्या बाजूला ते वाकडे होत, एकमेकांवर चढत गेले होते.

"इथे थकली बघ. उजाडत आलं होतं तिला."

कोणाला, ते कुठल्याच कागदात नव्हतं. खापरपणजोबांच्या बायकोची नोंद पूर्ण दफ्तरखान्यात नाही, मी नंतर पाहिलं. नवरा बुरुजावर सगळ्या शहराच्या वतीने घोरत होता तेव्हा खाली एका खोलीत दिवा लावून एक बाई जागी होती, आणि तो नीट झोपावा म्हणून शिवत बसली होती. आत्या त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली, एखाद्याच्या पाठीवरून फिरवावं तसं. मग कड नीट पाहायला म्हणून तिने डोकं खाली नेलं. अजून खाली नेलं.

यानंतर जे झालं ते झालेलं नाही, हे आपलं ठरलंच आहे. तरीही, न झालेल्या गोष्टीत अभिलेखपाल आले. मी म्हटलं, बारकाईने तपासतायत. त्यांनी भिंतीवरचे नियम वरपासून खालपर्यंत वाचले. कोपराला मनाई होती. डोक्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. ते आत्याचा श्वास ऐकत थोडा वेळ उभे राहिले, मग समोरची खुर्ची ओढून तपासणीसाठी बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या काळज्या एकेक करून उठून निघून गेल्या. समोरची बाई कोणीतरी ओ दिल्यासारखी हसली आणि तिने पानावर गाल टेकला. पंखा थांबला की मला तसं वाटलं, आठवत नाही. एवढंच आठवतं की खिडकीतून एक उंच बुरूज दिसत होता, जो केव्हाच पाडलेला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी एका खोलीत दिवा होता. त्या दिवशी दफ्तरखाना बंद व्हायची घंटा वाजलीच नाही. याचीही नोंद नाही.

आता आत्या रोज दुपारी तपासायला जाते. पण दफ्तरखाना रविवारी बंद, सणासुदीला बंद, आणि खुर्ची तिच्या मानेला बरी नाही. तिने घरी तशीच उशी शिवून पाहिली, टाक्याला टाका. उपयोग झाला नाही, नक्कल प्रमाणित नव्हती. अस्सल उशी घरी मागितली तर अभिलेखपाल म्हणतात, त्यांचा जीव तुटतो, पण नियम स्पष्ट आहे. मुद्देमाल ज्याच्याकडून जप्त केला त्यालाच, त्याने समक्ष येऊन सही केल्यावर, परत देता येतो. काल मी पुढील अर्ज दाखल केला.

'महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, मुद्देमाल उशी (एक) ही बडतर्फ बुरूजवाले यांच्या वारस, व्यवसाय कपडे आल्टर करणे, यांना रविवार व सुट्ट्यांपुरती घरी नेण्यास मंजुरी मिळावी. नियमानुसार मूळ इसमाची समक्ष सही आवश्यक असल्यास, त्यांना उठवून कार्यालयात आणण्याची व्यवस्था आपल्या स्तरावर करण्यात यावी. तसे करताना त्यांची झोपमोड होणार नाही, तसेच खालच्या खोलीतील दिवा कोणी मालवणार नाही, याची दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती.'