त्रेचाळिसावं यंत्र

किर्गिझस्तानातल्या नारीन गावात आमच्या पाच मजली इमारतीत इंटरनेटची लाइन सगळ्यांत मिळून एकच. त्या हिवाळ्यात ती इतकी रखडायला लागली, की जिन्यात रोज भांडणं. प्रत्येकाचा संशय शेजाऱ्यावर. शेवटी सगळ्यांनी मिळून हे लचांड बुरुलचा एजेच्या गळ्यात घातलं. एजे म्हणजे थोरली ताई. ती बत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, आणि ‘नाही’ म्हणायला तिला कधी जमलंच नाही.

मी टॅक्सी चालवतो. सकाळची बिश्केकची फेरी नसेल तर घरीच. एजेला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिने मला सोबत घेतलं.

“आसनकादिर, प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक पत्ता देतात,” तिने मला समजावलं. “बारा खुणा. आकडे, नाहीतर ए ते एफमधलं अक्षर. एकाचा दुसऱ्यासारखा नाही. आपण सगळ्यांचे पत्ते लिहून घेऊ आणि राउटरला सांगू, एवढ्यांनाच आत घे.”

“म्हणजे मी आता दारोदार फिरून फोनची जनगणना करायची?”

“तोंड कमी चालव, पेन चालव.”

आठवडाभर आम्ही घरोघर फिरलो. फोनमध्ये सेटिंग उघडून ‘फोनविषयी’ म्हणून जे पान असतं त्यात पत्ता सापडायचा. टीव्हीचा नेटवर्कच्या पानावर. प्रिंटर उलटा केला की स्टिकरवर. लॅपटॉपवर एजे एक काळी खिडकी उघडून कसलीशी आज्ञा टाइप करायची आणि ओळीच्या ओळी धावायच्या. प्रत्येक घरात चहा, तळलेल्या कणकेचे बोर्सोक, वर जॅम. माझं पोट सुटलं, वहीत एकेचाळीस पत्ते झाले.

एकच घर कोरं राहिलं. पाचव्या मजल्यावरचे ओरोझाली, ज्यांना सगळे मानाने अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे आजोबा, म्हणतात. उभा जन्म अर्पाच्या कुरणात मेंढ्या राखल्या, गुडघे गेले तेव्हा मुलीने इथे फ्लॅट घेऊन दिला आणि ती रशियात कझानला गेली. जिन्यात फोन घेऊन बसलेल्या पोरांना ते काठी दाखवायचे. आम्हालाही दारातूनच म्हणाले, “त्या काचेच्या तुकड्याने माणसाची मान वाकते. माझ्याकडे नाही असलं काही.”

एजेने राउटरची यादी काढली, तर तिथे त्रेचाळीस!

“दोन चोर,” मी म्हणालो.

“दोन पाहुणे,” एजे म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. पहिल्या सहा खुणांवरून बनवणारी कंपनी कळते म्हणे. त्यातला एक पत्ता घरगुती यंत्रांच्या कंपनीचा निघाला. शोधत शोधत आम्ही तिसऱ्या मजल्यावर जिपारकुलच्या न्हाणीघरात पोचलो. मी कपडे धुण्याच्या मशीनमागे डोकं घातलं. स्टिकर तिथेच होता.

“अगं बाई! धुण्याला इंटरनेट कशाला?” जिपारकुल ओरडली. “माझे कपडे कोण बघतंय?”

“कुणी बघत नाही. दुकानदाराने जोडून दिलं असेल,” एजे हसून म्हणाली.

राहिला त्रेचाळिसावा. तो मात्र कुठल्याच कंपनीचा निघेना. रोज दुपारी चारला यायचा, तासाभराने जायचा. पंधरा दिवसांनी तो गायब झाला आणि त्याच वेळेला भलताच पत्ता उगवला. आणखी पंधरवड्याने तिसरा. एजेने तिन्ही एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत राहिली.

“दुसरी खूण बघ. इथे दोन, इथे ए, इथे ई. दुसऱ्या जागी दोन, सहा, ए किंवा ई असलं, की तो पत्ता कारखान्याचा नसतो, यंत्राने स्वतः बनवलेला असतो. नवे फोन असं करतात, कुणी माग काढू नये म्हणून. तिन्ही मिळून फोन एकच आहे, आसनकादिर. मुखवटे बदलतोय.”

“मग बंद करा की त्याला. ज्याचं तुटेल तो येईल बोंबलत.”

तिने दोन दिवस टाळलं. कुणाचं काही अडलं तर? पण कुतूहल जिंकलं. तिसऱ्या दिवशी चारला तिने तो पत्ता अडवला आणि आम्ही तिच्या स्वयंपाकघरात वाट बघत बसलो.

सव्वाचारला जिन्यात काठी वाजली. ओरोझाली अक्सकाल. धापा टाकत आत आले, खुर्चीत बसले, इकडचं तिकडचं बोलले. मेंढ्यांचे भाव, कझानची थंडी. मग हळूच, “पोरी, आज हवेत काही बिघाड आहे का?”

“कसल्या हवेत, अक्सकाल?”

“त्याच. तुझ्या वायरीतल्या.”

मला हसू आवरेना. एजेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला नवाकोरा फोन काढला. मुलीने पाठवला होता. इतकी वर्षं पोरांना शिव्या घातल्या, आता कुठल्या तोंडाने सांगणार?

“रोज काय बघता?” एजेने विचारलं. रागाने नाही, अगदी शाळेतल्यासारखं.

तिने अडसर काढला, आणि त्यांनी जाडजूड बोटाने नकाशा उघडला. आभाळातून काढलेली अर्पाची छायाचित्रं. ओढा, वळण, उतारावर पिवळट गवत. त्यात नखाएवढं एक करडं कडं.

“माझा कोटान, मेंढरांचा वाडा. एकोणऐंशीत मी आणि माझ्या बायकोने दगड रचून बांधला, कोकरांसाठी. चार महिने शोधत होतो, गेल्या आठवड्यात सापडला. पण याच्या आत हे काळं काय आहे, ते कळत नाही. आत आम्ही काहीच बांधलं नव्हतं.”

एजेने चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला. “सावली असेल?”

“सावली या बाजूला कशी पडेल?”

दोघं फोनवर वाकून वाद घालायला लागली. मीच त्यांना थांबवून सेटिंगमध्ये खरा पत्ता लावून दिला आणि वहीत लिहिला.

जूनमध्ये वाट मोकळी झाल्यावर मी दोघांना अर्पाला घेऊन गेलो. कोटानाची एक भिंत ढासळली होती. आत मधोमध, फोनमध्ये ते काळं दिसायचं तिथेच, बारीक पानांचं एक झुडूप वाढलेलं, माणसाच्या उंचीचं. त्या उघड्या कुरणात दुसरं एकही नव्हतं. भिंतीने वारा अडवला, कोकरांच्या लेंड्यांनी माती कसदार केली, असं एजेचं म्हणणं. अक्सकालांनी काठी टेकून त्याला एक फेरी घातली, एक पान तोडून चावून बघितलं.

“कडू आहे,” ते खुशीत म्हणाले, आणि दुसरं एजेपुढे धरलं.