मनात धरलेला नेम

आमच्या सासूबाई, आक्काबाई, आषाढी एकादशीला पाटावर बसतात आणि घरातल्या एकेकाला समोर बोलावून विचारतात, "चातुर्मासात काय सोडणार?" माझ्या विम्याच्या नोकरीत बदली होऊन आम्ही जयपूरला आलो, सोडाला भागात फ्लॅट घेतला, तरी हे काही सुटलं नाही. बायको रत्नप्रभा कांदा-लसूण सोडते. मी दरवर्षी जे घशाखाली उतरत नाही ते सोडतो. यंदा म्हटलं, "आक्का, मी इथली ती केर-सांगरीची भाजी सोडली."

"देवालासुद्धा गंडवा, जावईबापू."

"देव आपलं जुनं गिऱ्हाईक आहे आक्का, रागवायचा नाही."

मग अमेय आला. हा रत्नाचा धाकटा भाऊ. सांगानेरच्या शाखेत बँक ऑफिसर आहे, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. बायको अमिता पहिल्या बाळंतपणाला नाशिकला माहेरी गेलेली, म्हणून जेवायला आमच्याकडे. तो म्हणाला, "आक्का, मी एक गोष्ट सोडतोय, पण सांगणार नाही. मतलब, मनात धरलीय."

आक्का खूश झाल्या. "मनात धरलेला नेम मोठा. पण मोडू नको हां. मोडला की लेकराबाळांवर येतं."

हे त्या मलाही दरवर्षी ऐकवतात. मी दुसऱ्या दिवशी विसरतो. पण अमेयचं लेकरू अजून जन्मायचं होतं.

त्यानं सोडल्या होत्या गोळ्या. लक्ष एका जागी टिकत नाही म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, मेंदूला जाग आणणाऱ्या. वर्षानुवर्षं घेत होता, डोसही वाढत गेला होता. इथे जयपुरात सी-स्कीम भागातल्या डॉक्टर शेखावतांनी त्याचं ब्लडप्रेशर आणि नाडी बघितली आणि म्हणाल्या, कमी करत आणू. पण हळूहळू. जरा कमी करायची, थांबायचं, बघायचं, मग अजून जरा. आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. हे अमेयनंच मला चहा पिताना सांगितलं होतं. बाळ यायच्या आत मोकळा होतो म्हणाला. एकादशीपासून त्यानं सगळ्याच एकदम बंद केल्या, आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आधी तो नुसता झोपायला लागला. बँकेतून आला की झोप, रविवारी दिवसभर झोप. मी म्हटलं, "मॅडम माहेरी गेल्या आणि साहेबांनी अंथरुणाशी संसार मांडला." मग खायला लागला. चपातीवर चपाती, भिंतीकडे बघत. रत्ना म्हणाली, "बरं आहे, अंगाला लागेल." अंगाला काही लागत नव्हतं. डोळे तेवढे आत चालले होते.

आता माझं आणि अमेयचं जुनं युद्ध आहे. एकदा त्यानं माझ्या हेल्मेटमध्ये गुलाल भरला होता आणि मी लाल टाळू घेऊन साहेबांच्या मीटिंगला बसलो होतो. त्याची परतफेड राहिली होती. एका सकाळी मी त्याच्या खुर्चीवर रबरी पाल ठेवली. चांगली होती, बापू बाजारातून शोधून आणली होती, शेपूट हलायची. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो.

तो तिच्यावर बसला. खाली काहीतरी लागलं तसा जरा उठला, हातानं ओढून काढली, बघितली, ताटाशेजारी ठेवली. आणि पोहे खायला लागला. पाल मिठाच्या बाजूला शेपूट हलवत होती, आणि हा खात होता.

मी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

लोकांची फिरकी घेणाऱ्याला एक गोष्ट येते, चेहरा वाचता येतो. कोण चिडेल, कोण हसेल, हे आधी कळावं लागतं. त्या चेहऱ्यावर वाचायला काहीच नव्हतं. रत्नाला म्हटलं, "तुझ्या भावाचं काहीतरी बिनसलंय." ती म्हणाली, "अमिताची आठवण येत असेल. तुम्ही आता पाल-बिल बंद करा."

त्याच आठवड्यात दुपारी ऑफिसात त्याचा फोन आला.

"दाजी, माझ्या पॉलिसीत अमिताचं नाव बरोबर आहे ना?"

विम्याच्या धंद्यात हे दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्याचं नुकतंच लग्न झालंय तो. दुसरा, जो मागची आवराआवर करून जायला निघालाय तो. मी गाडीची किल्ली उचलली. फोनवर अमेयच्या मागून ट्रकचे आवाज येत होते.

"आहेस कुठं तू?"

"पुलावर. आपल्या सोडाल्याच्या. थांबलोय जरा."

"बँक?"

"गेलो नाही."

थाप मारायला मला कधी विचार करावा लागत नाही. म्हटलं, "बरं झालं भेटलास. माझी गाडी पुलाखालीच बंद पडलीय, साहेब सोबत आहेत, नाक कापलं जाईल. तू आहेस तिथंच थांब, मी चालत येतो, तुझी स्कूटर दे. फोन ठेवू नको, रस्ता सांग मला."

"रस्ता तुम्हाला माहीत आहे, दाजी."

"विसरलो. सांग तू. डावीकडे काय दिसतंय?"

तो सांगत राहिला. पाण्याची टाकी, होर्डिंग, कुणाच्या गच्चीवरचा कूलर. मी धडधाकट गाडी दामटत होतो आणि मध्येमध्ये "हां, मग?" म्हणत होतो. पावसाळा असून ढग नुसते लटकलेले, पूल तव्यासारखा तापलेला. तो कठड्याला टेकून उभा होता, डोक्यावर हेल्मेट तसंच, फोन त्यात खुपसलेला, काच खाली. मला गाडीतून उतरताना बघितलं तरी गाडी बंद कशी नाही हे त्यानं विचारलं नाही.

मी त्याचा दंड धरला. पहिल्यांदा गंमत न करता सरळ विचारलं. "अमेय, मरायचं येतं का मनात?"

"येतं," तो म्हणाला. वेळ विचारल्यावर सांगावं तसं. "मतलब, करीनच असं नाही. पण येतं. आणि त्याची भीती वाटत नाही, दाजी."

भीती मग सगळी माझ्याकडे आली. स्कूटर पुलावरच सोडली आणि त्याला गाडीत घालून थेट डॉक्टर शेखावतांकडे नेलं. तिथं गोळ्यांचं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, इतकी वर्षं शरीर ज्यावर चालत होतं ते एका झटक्यात काढून घेतलं. झोप आणि भूक परवडली, हा मनातला काळोख सगळ्यात घातक. तपासून त्यांनी पहिल्यापेक्षा कमी डोस पुन्हा सुरू केला, तिथून त्या बघत बघत उतरवणार होत्या. मग मला म्हणाल्या, "उमाकांतजी, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. यांना एकटं सोडायचं नाही. जरा जरी वाढलं तर माझी वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा." अमेयनं मान हलवली.

घरी रत्नानं तळहातावर गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यानं हात मागे घेतला.

"नेम आहे ताई."

"कसला नेम?"

"हाच. आक्का म्हणाली ना, मोडला की लेकरावर येतं. मी नाही मोडणार."

रत्ना रडली, मी शिव्या दिल्या, नाशिकला फोन लावायची धमकी दिली. तो समजूतदारपणे ऐकत होता. म्हणाला, "दाजी, माझं काही झालं तरी चालेल. त्याचं नको." डॉक्टरीणबाईंच्या कुठल्याच गोळीत याच्यावर औषध नव्हतं.

मग मी माझं औषध काढलं. शेजारच्या मेहताजींचा फोन मागून आणला, गॅलरीत गेलो आणि देवघरात दार लावून जप करत बसलेल्या आक्कांना फोन लावला. आवाज काढला त्यांच्या कराडच्या भटजींचा, दीक्षितबुवांचा, नाकातला, मधे खोकला.

"आक्काबाई, अमेयच्या नेमात दोष दिसतो आहे. त्यानं गोळ्या सोडल्या, पण एकदम सोडल्या. सोडणं चांद्रायणाप्रमाणे असावं. चंद्र उतरतो तसा रोज एकेक घास कमी. एकदम टाकलं तर ते व्रतच नव्हे, तो आत्मघात—" इथं खोकला काढायचा होता. तो खराच आला आणि थांबेना.

मग आक्का म्हणाल्या, "जावईबापू, गॅलरीतून आत या. ऊन लागेल."

आत आलो तर त्या उभ्या होत्या, हातात माळ. "कसल्या गोळ्या?"

सगळं सांगितलं. पूलही सांगितला. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. भिंत धरत अमेयकडे गेल्या आणि रत्नाच्या हातातली गोळी घेऊन त्याच्यासमोर बसल्या.

"नेम कुणी विचारला तुला? मी. मग पाळायचा कसा तेही मी सांगणार. चांद्रायणात घास एकदम टाकत नाहीत. चंद्र उतरेल तसं उतरायचं. तुझा चंद्र ती डॉक्टरीणबाई. ती उतरवेल तेवढंच उतरायचं, एक कण जास्त नाही."

"आणि इतके दिवस?"

"ते माझ्या बोलण्यानं झालं. यायचं असेल ते माझ्यावर येईल. घे."

त्यानं त्यांच्या हातून गोळी घेतली.

आक्का स्वयंपाकघरात आल्या, पदरानं मान पुसली आणि हळूच म्हणाल्या, "शास्त्रात असं चालतं का हो?"

"मला काय माहीत, आक्का."

"मलाही नाही."

अमेयला त्या रात्री वर जाऊ दिलं नाही, आमच्याच आतल्या खोलीत ठेवलं. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि त्या खोलीच्या दाराची आतली कडी काढायला बसलो. तो पलंगावरून बघत होता.

"कडी का काढताय, दाजी?"

"गंमत."

"यात काय गंमत?"

"सापडली की सांगतो."

तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. पाठ वरखाली होत होती, तिच्याकडे बघत मी कडी आणि स्क्रू खिशात टाकले आणि दारातच चटई पसरली.