खडखडाटातली हाक

“तिचा आवाज आहे ना रे तुझ्याकडे? तेवढा लाव,” बाबा दारातूनच म्हणाले.

खडखड्या हातातली वायर उगाच गुंडाळत राहिला. हे नाव आईनंच ठेवलेलं. पोरगं संगीत म्हणून करतं काय, तर लोखंडी कपाटाचं दार आपटतं, पाण्याचा पंप घरघरवतं, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून दळतं आणि बाहेर काढतं नुसता काळाकुट्ट खडखडाट! “मेल्या, कधीतरी कुणाच्या कानाला गोड लागेल असं कर की,” ती म्हणायची. तो माइक घेऊन स्वयंपाकघरात शिरला, की उलथनं उगारायची.

एकदा तिनं हाक मारली, “ये रे, गार होतंय!” ती त्यानं बरोबर पकडली. ताणली, चिरडली, चिरडलेली पुन्हा चिरडली. शेवटी हा बाईमाणसाचा आवाज आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं, आणि त्याला कोण आनंद झाला! त्या आनंदाच्या भरात त्यानं ती मूळ हाकेवरच सेव्ह करून टाकली; मूळ हाक पुसली गेली. आई काय, रोजच हाका मारत होती. हाकांना काय तोटा!

आता आई गेली होती. फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठंच नव्हता. कॅमेरा दिसला की तिची वाचाच बसायची.

“बाबा, त्याचं... गाणं झालंय.”

“होऊ दे की. ती आहे ना त्यात?”

“आहे.”

हे खोटं नव्हतं. त्यानं हेडफोन बाबांच्या कानांवर बसवले. पहिल्याच दणक्याला बाबा दचकले, मग डोळे मिटून ऐकत राहिले. आपल्याला हे असलं काही येतच नसतं तर फार बरं झालं असतं, असं खडखड्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

गाणं संपलं.

“कुठं बोलली रे?”

बोट दाखवायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. “मधेच... कुठंतरी,” तो पुटपुटला.

“माझंच लक्ष नसेल. ती म्हणायचीच, तुमचं कधी लक्ष नसतं म्हणून. परत लाव.”

त्यानं परत लावलं. बाबांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले.

“हं,” ते म्हणाले, “आता तू मधे बोलू नकोस.”